देणारा आत

"घेणारे भायेर. देणारा आत."

एवढं बोलून काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि पेनाने दाराकडे खूण करायचे. मग मुलगे, सुना, जावई, पुतणे अशी जी काही वरात आलेली असेल ती निमूट उठून समोरच्या बदामाच्या झाडाखाली जाऊन उभी राहायची. आत स्टुलावर एकटं म्हातारं माणूस उरायचं. ते बावरून दाराकडे बघायचं, आणि काका आपले कोरा कागद टेबलावर तळहाताने सपाट करत बसायचे. घाई म्हणून नाही.

पेणला रजिस्ट्रार ऑफिसच्या गल्लीत तुमचं कधी काम पडलं असेल, तर तुम्हीही त्या झाडाखाली उभे राहिला असाल. काकांना दोन शिव्याही हासडल्या असतील. मीही मनातल्या मनात पुष्कळ हासडल्या आहेत. सतरा वर्षं त्यांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून होतं. ते हाताने दस्त लिहायचे, मी तो टाईप करायचे. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. ते कॉम्प्युटरला शेवटपर्यंत मशीनच म्हणाले. "तुझ्या मशीनला देणारा दिसतो काय गो? नाय ना? मग गप टाईप कर."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव दस्तात लिहावं, चावडीवर नाही, असं ते म्हणायचे, आणि हे लिहिणं म्हणजे चावडीच आहे.

ते रोह्याचे. रोज सकाळच्या गाडीने पेणला यायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. रजिस्ट्रार रोह्यालाही आहे, मग ही रोजची पायपीट कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "रोह्यात सगळे ओळखीचे. ओळखीच्या मान्साला नाय म्हनता येत नाय. हितं येतं." आणि नाही म्हणणं हा त्यांच्या धंद्याचा केवढा मोठा भाग होता ते मला हळूहळू कळलं. शेजारचे दस्तलेखक जेवढे कागद लिहायचे, त्याच्या निम्मेसुद्धा काका लिहायचे नाहीत.

ते बहुतेक करून कुलमुखत्यारपत्रं लिहायचे. म्हणजे, मी म्हातारा झालो, मला कचेरीत चढवत नाही, तर माझ्या वतीने सह्या करायला माझ्या अमक्या मुलाला मुखत्यार नेमतो, असा कागद. दस्ताच्या भाषेत जगात दोनच जातींची माणसं असतात, लिहून देणार आणि लिहून घेणार. काका देणाऱ्याच्या बाजूचे. घेणारे बाहेर गेले की ते चार प्रश्न विचारायचे. आज वार कुठला? सकाळी काय खाल्लंत? बाहेर उभे आहेत ते कोणकोण? आणि ह्या कागदाने काय होतं? चारही उत्तरं मिळाली की पेनाचं टोपण निघायचं. नाही मिळाली, तर टोपण तसंच राहायचं आणि काका चहा मागवायचे. चहा आला की बाहेरच्यांनी समजायचं, काम झालं नाही.

खाडीकडचे एक आजोबा आले होते, उभा जन्म मिठागरात काढलेले. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी सांगितलं, कालची भाकरी. काल परवाचा भात. त्याच्या आदल्या दिवशी पोरांना सुकट आणि मला नुसतं आमटीचं पाणी. आवाज बाहेरपर्यंत गेला, झाडाखाली सुनेचं तोंड एवढंसं झालं. काका टोपण काढत मला म्हणाले, "शुद्धीत हाय. जरा जास्तच हाय."

हमरापूरची एक आजी होती. गणपतीच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. काकांनी विचारलं, आज वार कुठला, आजी? ती उसळलीच. "वाराचा काय घेऊन बसलास? गनपतीला सव्वीस दिस रायले, नि एकवीस मूर्तींचे डोले बाकी हाईत. लवकर आटप." काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट ठेवून मोजलं. बरोबर सव्वीस. ती गेल्यावर मी म्हटलं, पण वार तर तिने सांगितलाच नाही. त्यावर ते म्हणाले, "परत्येकाचं पंचांग येगळं असतं बाय. इचारनाऱ्यानं ते धुंडून काढायचं." हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकलं. आता ते आठवायला नको वाटतं.

एकदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. एक धडधाकट माणूस अर्धांगवायू झालेल्या बापाला खुर्चीसकट उचलून घेऊन आला होता. म्हाताऱ्याच्या तोंडातून लाळ गळत होती, डोळे भलतीकडेच. काका प्रश्न विचारायला वाकले तेवढ्यात पोराने बापाचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला. काकांनी पॅड हिसकावलं, शाई त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. "झोपलेल्या मान्साचा आंगठा घेनं म्हंजे चोरी हाय," ते ओरडले. पोराने आईमाईवरून शिव्या दिल्या, बाप उचलला आणि चार दुकानं सोडून पलीकडे अर्ध्या तासात कागद करून घेतला. काका संध्याकाळपर्यंत शर्टावरची शाई चोळत बसले. गाडीला निघताना एवढंच म्हणाले, "आज माझ्याशी गोड बोलू नको गो."

देणारा मेला की मुखत्यारपत्र मेलं, हे लोकांना समजावता येतं. पण देणाऱ्याची शुद्ध गेली तरीही ते मेलं, हे कोणाच्या गळी उतरत नाही. माणसं कागद करतात ते त्याचसाठी ना? उद्या बाबा अंथरुणाला खिळले, माणूस ओळखेनासे झाले, तर कोणीतरी सही करायला हवं. आणि नेमका तेव्हाच कायदा म्हणतो, ज्याने हा हात तुम्हाला उसना दिला त्यालाच आता आपला हात कळत नाही, म्हणून तुमचाही गेला. पाऊस सुरू झाला की काढून घ्यावी अशी ही छत्री. मग मुंबईला हायकोर्टात अर्ज करा, डॉक्टरांचे दाखले जोडा, पालक नेमून घ्या. खेड्यातल्या माणसाला हे सांगणं म्हणजे चंद्रावर जा सांगण्यासारखं.

परदेशातून आलेला एक मुलगा एकदा म्हणाला, आमच्याकडे असा कागद असतो की देणाऱ्याची शुद्ध गेली तरी चालूच राहतो. उलट तेव्हाच खरा कामाला येतो. काकांनी त्याला बसवून घेतलं. तो कागद कसा लिहितात, साक्षीदार कोण, कोणी लबाडी केली तर काय, सगळं खोदून खोदून विचारलं. तो गेल्यावर बराच वेळ पेनाशी चाळा करत बसले. "असा कागद आपल्याकडं पायजे होता," म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "नको. झाडाखाली उभे र्‍हातात ते बघितलंस ना तू?"

म्हणून ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, कागद वेळेत करा आणि वेळेत वापरा. विकायचं ते शुद्धीत विका. बँकेच्या खात्यात पोरीचं नाव आजच घाला. मृत्युपत्र उद्यावर टाकू नका. शेकडो घरं त्यांनी अशी शहाणी केली.

स्वतःचं मात्र काहीही केलं नाही.

खांब या गावी हायवेला लागून सात गुंठे जमीन त्यांनी स्वतः घेतली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा मस्कतला, वर्षा-दोन वर्षांनी उगवायचा. मुलगी नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, रोह्याला कंपनीत पॅकिंगला शिफ्ट करायची आणि बापाचं बघायची. काकांचा बेत ठरलेला होता. मुलीला मुखत्यार करायचं, हातपाय चालताहेत तोवर जमीन विकून घ्यायची, म्हणजे पुढे आपलं करण्यासाठी तिला नोकरीवर जावं लागणार नाही. "माझ्यापायी तिला कुनाच्या दारात उभं र्‍हायला लागनार नाय," हे मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल.

पण दस्तलेखकाने आपला दस्त आपण लिहू नये, अशी त्यांच्या डोक्यात एक गाठ होती. अपशकुन म्हणे. गल्लीतल्या दुसऱ्या कोणाकडे जावं, तर त्यांच्या मते एकालाही धड दस्त लिहिता येत नव्हता. शेवटी मला म्हणाले, "माझा कागद तू कर. पन चार प्रश्न इचारून कर हां. मी हाय म्हनून सूट नाय." मी त्यांच्याच शब्दांत मजकूर टाईप केला, दिनांकाची जागा कोरी ठेवली. पहिल्या वर्षी म्हणाले, भात घरात येऊ दे. मग, गणपती होऊ दे. मग, पोरगा मस्कतवरून येतोय, त्याच्या कानावर घालतो. मुलगा आला आणि गेला. दिनांक कोराच राहिला.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगायला मला आवडत नाही.

प्रत्येक मुखत्यारपत्राच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून दिले. काका ते वाक्य लिहिताना ओठ हलवायचे, आरती म्हटल्यासारखे. एका पावसाळ्यात त्यांच्या एका दस्तात 'अक्कलहुशारीने' हा शब्द नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी काही न बोलता टाईप करताना तो घातला. पंधरा दिवसांनी पुन्हा नव्हता. मी पुन्हा घातला. मग एका दस्तात देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या जागी एकच नाव आलं. तेही मी नीट केलं. एकदा तर त्यांनी एका बाईला तिसरा प्रश्न दोनदा विचारला आणि चौथा विचारलाच नाही. मी टाईप करता करता सहज विचारल्यासारखं करून तो विचारून घेतला.

मला वाटलं, मी त्यांची अब्रू राखते आहे. एवढी मोठी दस्तलेखकाची कीर्ती, गल्लीतल्या मेल्यांना हसायला निमित्त कशाला द्या? वर्षभर मी त्यांच्या चुका अशा पुसत राहिले की त्यांनासुद्धा त्या दिसल्या नाहीत. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणारी माणसं असंच करतात, तुम्हीही केलं असेल. आपण झाकतो, आणि झाकता झाकता जी वेळ हातात असते ती निघून जाते.

त्यांना शंका आली होती. एका दुपारी डबा उघडून बसलो होतो, वालाचं बिरडं होतं, त्यांच्या आवडीचं. ते जेवेनात. हळूच म्हणाले, "बाय, एक इचारतंय. मी चुकतंय काय गो?"

त्या दिवशी वार त्यांना ठाऊक होता. सकाळी काय खाल्लं ते ठाऊक होतं. मुलगी कोण ते ठाऊक होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं, आणि कोऱ्या जागेत तारीख घालून त्यांना तसंच समोरच्या कचेरीत न्यायचं होतं.

मी म्हटलं, "छे हो काका. कायतरीच काय. जेवा तुम्ही."

ते जेवले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

पुढच्या हिवाळ्यात ते एका सकाळी पेणला उतरायच्या ऐवजी कासूला उतरले आणि स्टेशनवरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. त्यांच्या खिशातल्या वहीत माझा नंबर होता. मी रिक्षा करून पोचले तेव्हा ते एका अनोळखी बाईला विचारत होते, तुम्ही देणारे की घेणारे? मला बघून हसले. "उशीर केलास गो. ऑफिस उघडलं काय?" मी त्यांना रोह्याला सोडलं. त्यानंतर मुलीने त्यांना पेणला पाठवलं नाही.

ती शिफ्टला जायची तेव्हा बाहेरून कडी लावून जायची. दुसरं काय करणार होती? शेजारीण जमेल तेव्हा डोकावायची. काका दिवसभर खिडकीच्या गजाला धरून उभे असायचे आणि रस्त्यावरच्या माणसांना आत बोलवायचे. मी भेटायला गेले तेव्हा दाराला कडी, आणि खिडकीत ते. मला म्हणाले, "भायेर का उभी? देणारी हायस ना? आत ये." मी कडी काढून आत गेले. त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलून मला जागा करून दिली आणि वार विचारला. मी सांगितला. त्यांनी खूश होऊन मान डोलावली.

मग एका बुधवारी मुलगी त्यांना घेऊन माझ्याकडे आली. खांबच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. ती विकली असती तर तिला नोकरी सोडून घरी राहता आलं असतं, कडी लावावी लागली नसती. एवढंच तिचं मागणं होतं. बंगला नको होता, दागिना नको होता. "कागद रोह्याला नोंदवू, ताई," ती म्हणाली, "पण लिहायचा तुमच्याकडंच. बाबा तसंच म्हणायचे."

काकांना तिने इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला नेहमीसारखी दोन पेनं. ते आले ते थेट आपल्या खुर्चीत जाऊन बसले. ती मी हलवली नव्हती. चष्मा कपाळावर चढवला, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "देणारा कुठाय?"

"तुम्हीच की काका."

ते मोठ्याने हसले. "मी कसा? मी लिवनारा."

मी त्यांना हाताला धरून स्टुलावर बसवलं. मुलगी स्वतःहून उठली आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली. तिला कोणी सांगावं लागलं नाही.

"काका, आज वार कुठला?"

ते लाजल्यासारखे हसले. "तू सांग ना."

"सकाळी काय खाल्लंत?"

"अजून कुठं? मंडळी करतायत. येईल आता हाक."

मंडळी जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"बाहेर उभी आहे ती कोण?"

त्यांनी वळून नीट पाहिलं. ऊन तिच्या तोंडावर होतं, तिने पदर कपाळापर्यंत ओढला होता. "घेणारी असंल," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पन बरी हाय हां. सकाळपासून माझ्यासोबत हाय. मला हाताला धरून आणलान. कुनाची हाय कोन जाने."

चौथा प्रश्न मी विचारला नाही. मी नुसता कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा खाली ओढला, कागद तळहाताने सपाट केला आणि वाचायला लागले. आणि काय सांगू, ते तेच काका होते. नख ओळीखालून सरकत होतं, ओठ हलत होते. 'अक्कलहुशारीने' या शब्दाखाली नख थांबलं. "हाय," म्हणाले, "बरा लिवलाय. हा शबुद नसंल तर कागद फुकट. देणारा शुद्धीत हाय तवर ह्यो कागद. नंतर रद्दी." एकही अक्षर चुकलं नाही.

मग त्यांनी खिशातलं काळं पेन काढलं आणि माझी वाट न बघता सही केली. वळणदार, ठसठशीत, सतरा वर्षं पाहिलेली सही. पण ती लिहून देणाऱ्याच्या जागी नव्हती. पार तळाला, दस्त लिहिणाऱ्याची सही असते तिथे होती.

दुसरी प्रत काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्यांचा हात धरायचीही गरज नव्हती, नुसतं बोट ठेवून इथे म्हटलं असतं तरी त्यांनी सही केली असती. कचेरीत नाव विचारलं असतं तर त्यांनी नाव सांगितलं असतं. चालून गेलं असतं. रोज चालतं. आणि हमरापूरच्या आजीला वार कुठे आला होता? कदाचित काकांचं पंचांग तो दस्तच असेल, आणि तो तर त्यांना तोंडपाठ होता. मी ते सगळं दोनदा मनात मांडलं. पण बाहेर उभी असलेली बाई कोणाची, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कागद तिच्याच नावाचा होता. मी हाय म्हनून सूट नाय, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

मी चहा मागवला.

झाडाखालून तिने चहावाला आत येताना पाहिला. दस्तलेखकाची पोर ती, तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. आत आली, बापाच्या हनुवटीवरचा चहाचा ओघळ पदराने पुसला. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "ताई, बाबांचं हे कधीपासून सुरू झालं ते तुम्हाला माहीत होतं?"

मी मान खाली घातली. ती समजायचं ते समजली.

"मी तर घरी बघत होते तेव्हा ते संध्याकाळी दमून झोपायचे," ती म्हणाली. "दिवसभर तुमच्यापाशी होते."

ती दोनदा मुंबईला वकिलाकडे जाऊन आली, रजा टाकून. पहिल्यांदा कागद कमी पडले, दुसऱ्यांदा डॉक्टरांचा दाखला वेगळ्या नमुन्यात हवा होता. गिऱ्हाईक थांबलं नाही. तिसऱ्या खेपेची तारीख मिळाली त्याच्या आधी, एका दिवशी सकाळची शिफ्ट करून ती घरी आली आणि कडी काढली, तर काका मोरीच्या उंबऱ्याशी पडलेले. डोक्याला लागलं होतं. बरेच तास झाले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. शेजारणीने त्यांच्या हाका ऐकल्या होत्या, पण ते रोजच हाका मारायचे.

आपण कितीही म्हटलं की कायदाच असा, नशीबच असं, तरी मला ठाऊक आहे की ती कडी एका दुपारी मीच लावली. बिरड्याचा डबा समोर ठेवून, गोड बोलून. शेवटी मी जो कागद नाकारला त्याचा मला तेवढा सल नाही. तो नाकारणं चूक की बरोबर यावर मी अजून स्वतःशी भांडते. पण जो कागद मी वर्षभर रोज करू शकत होते आणि केला नाही, त्याबद्दल भांडायलाही जागा नाही.

तेराव्यानंतर बहीणभाऊ दोघे माझ्याकडे आले. मुलगा मस्कतवरून येऊन आठ दिवस झाले होते, त्याचे डोळे सुजलेले होते. तो वाईट माणूस नाही, फक्त लांब होता. जमिनीला आता वारसांची नावं लावायची होती, त्यासाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं. आता कोणी अडवणार नव्हतं. माणूस मेला की कागद भराभर होतात.

दोघे बाकावर बसले. मी कोरा कागद घेतला, टेबलावर तळहाताने सपाट केला, आणि सतरा वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

"घेणारे भायेर. देणारा आत."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, भावाच्या दंडाला धरून त्याला उठवलं, आणि दोघे बाहेर जाऊन बदामाच्या झाडाखाली उभे राहिले. त्यांना परत आत बोलवायला हवं होतं. मी देणाऱ्याच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसले.